आवाज बंद ठेवून खेळलेले खेळ

९ जानेवारी

साहेबांनी आज तळघराची किल्ली दिली. दिली म्हणजे टेबलावरून सरकवली. म्हणाले, "बाई, तुम्हीच मागे लागला होतात, आता तुम्हीच निस्तरा. उन्हाळ्यापर्यंत बघू. माणसं आली तर ठीक, नाहीतर तिथे मासिकांचे जुने अंक ठेवू." साहेब माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत, पण वाचनालयात साहेब ते साहेब.

झालं असं, की मागच्या महिन्यात कुणीतरी घर रिकामं करताना एक मोठं खोकं आमच्या दारात ठेवून गेलं. सगळ्यांना वाटलं पुस्तकं असतील. निघाल्या व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटी, दोन रिमोट, टीव्हीला जोडायचा तो डबा आणि वायरींचा गुंता. काउंटरवर बसणारी मुलगी म्हणाली, "ई, भंगारात टाका." मी वरची कॅसेट उचलली आणि तोंडून निघून गेलं, "अगं, ही तर कंदीलवाली!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघणारच. परत आलेली पुस्तकं कपाटात लावणारी, एकावन्न वर्षांची, गळ्यात चष्मा अडकवलेली बाई. हिला कंदीलवाली कुठून माहीत?

दादाकडे होती. या कॅसेटींवरची लेबलं कुठल्या परक्या भाषेत असायची देव जाणे, आम्हाला एक अक्षर लागायचं नाही. म्हणून आम्हीच बारसं करायचो. कंदीलवाली, उलटा किल्ला, साखळी, लोखंडी कावळा. दादा नोकरीसाठी परदेशी गेला तेव्हा सगळं मागे ठेवून गेला. मग मी एकटीच खेळत राहिले. आई अंथरुणाला खिळली त्या सगळ्या वर्षांत तर फारच. तिच्या पलंगाशी खुर्ची ओढायची, आवाज पूर्ण बंद करायचा, आणि तिला डोळा लागला की एखादा राक्षस मारून घ्यायचा.

ही वही आईच्या औषधांसाठी आणली होती. पुढची पानं तिच्या गोळ्यांच्या वेळांनी भरली आहेत. ती फाडली नाहीत. इथून पुढे माझी.

१५ जानेवारी

तळघर झाडलं. टीव्ही बसवला. दोन खुर्च्या आणि माझ्यासाठी एक छोटं टेबल वरून आणलं. भिंतीला ओल आहे, पण उन्हाची एक पट्टी दुपारी खिडकीतून येते, तेवढ्यात जागा बरी दिसते.

नावाजलेले गेम वेगळे काढून मागच्या फळीवर ठेवले. त्यांना माझी गरज नाही. पुढच्या फळीवर फक्त ते, ज्यांना कुणी विचारलं नाही. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी. पहिली अशी लिहिली:

"कंदीलवाली. एक बाई हातात कंदील घेऊन अंधारा गड चढते. तलवार नाही. भुतं उजेडाला भितात, म्हणून कंदील उंच धरला की पळतात. पण उंच धरला की तेल जळतं. म्हणजे भीती आत्ता घालवायची की पुढच्या जिन्यासाठी ठेवायची, हे दर वेळी ठरवावं लागतं. पहिला मजला भयंकर कंटाळवाणा आहे. बहुतेक लोकांनी तिथेच सोडला असणार. सोडू नका. दुसऱ्या मजल्यावर छप्पर संपतं आणि वर चांदणं असतं."

लिहून झाल्यावर वाचली. बरी वाटली. काउंटरवरची म्हणाली, "बाई, तुम्ही यात एवढ्या रंगता? मला वाटायचं तुम्हाला फक्त कपाटं आवडतात."

२७ जानेवारी

कुणी नाही.

दोन मुली आल्या, पण त्या फोन चार्ज करायला जागा शोधत होत्या.

दादाचा फोन आला. त्याला कौतुकाने सांगितलं, की कंदीलवाली सापडली. तो म्हणाला, "कोण?" मग म्हणाला, "हां हां, ती कॅसेट होय. चिमे, तू अजून तेच धरून बसलीस?" मागे त्याच्या घरात कुणीतरी त्याला जेवायला बोलावत होतं. मी म्हटलं, जा, गार होईल.

५ फेब्रुवारी

आज एक माणूस आला. साठीच्या पुढचे असतील. डोक्यावर लोकरीची टोपी, हात केवढे मोठे, जणू फावडीच. त्यांनी एकेक चिठ्ठी उभ्याने वाचली, अगदी सावकाश. इतकं सावकाश माझं लिहिणं कुणी वाचलं नव्हतं. मला कान गरम झाल्यासारखं वाटलं.

मी मागून विचारलं, "काही मदत हवी का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. ढिम्म. मग म्हटलं, राहू दे, शिष्ट दिसतायत.

जाताना मात्र वळून मला मान लववून गेले. कळलं नाही काय समजायचं.

१० फेब्रुवारी

टोपीवाले पुन्हा आले. काउंटरवरचीने सांगितलं, ते बांधकामांवर क्रेन चालवायचे, आता निवृत्त आहेत, आणि सभासद होऊन बरीच वर्षं झाली; पण पुस्तक घेऊन मुकाट निघून जातात. आज कंदीलवाली खेळायला बसले. पहिल्या मजल्यावर तीनदा मेले. चौथ्यांदा छप्पर संपलं, चांदणं आलं, आणि त्यांनी रिमोट मांडीवर ठेवून नुसतंच बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर लिहिलंय."

आवाज जरा मोठा आहे त्यांचा. वाचनालयात असं बोलू नये.

१८ फेब्रुवारी

क्रेनवाले आता एक दिवसाआड येतात. मी त्यांच्याशी बोलले की माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. डोळ्यांकडे नाही, थेट तोंडाकडे. आधी वाटलं दातात काही अडकलंय. आरशात बघून आले, काही नव्हतं. मग ओठांना काहीतरी लावावं म्हणून संध्याकाळी दुकानात गेले, आणि लावल्यावर आणखीच बघतील असं वाटून तशीच परत आले.

मला या वयात हे असलं काही नको आहे. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

२४ फेब्रुवारी

सर्दी झाली म्हणून तोंडाला मास्क लावून गेले. क्रेनवाल्यांनी "उलटा किल्ला" मागितला. त्याची चिठ्ठी मीच लिहिली आहे: "या गेममध्ये राजकन्या सोडवून झालेली आहे. तुम्ही गडाच्या टोकावर आहात आणि खाली उतरायचं आहे. मेलेले पहारेकरी उठायला लागतात. चढताना कुणीतरी केलेल्या चुका तुम्हाला निस्तराव्या लागतात: तुटलेले पूल, उघडी राहिलेली दारं. लोकांना चढायला आवडतं, म्हणून हा चालला नसावा."

मी त्यांना समजावत होते, की तिसऱ्या पुलावर उडी मारू नका, रांगत जा. ते म्हणाले, "आज तुम्ही बोलू नका."

असं कुणी तोंडावर म्हणतं का? मी मुकाट्याने वर निघून गेले. घरी येऊन काही न खाता पडून राहिले. आई असताना निदान भांडायला कुणीतरी होतं.

३ मार्च

क्रेनवाल्यांनी मला गोळ्यांची एक पुडी दिली, घशासाठीची. म्हणाले, "लवकर बरं व्हा. तुमचं बोलणं बंद झालं की माझी पंचाईत होते." एकदा म्हणतात बोलू नका, एकदा म्हणतात बोला. विचित्रच माणूस. गोळ्या मात्र चांगल्या होत्या.

९ मार्च

आज त्यांनी "साखळी" काढली. मी म्हटलं, "अहो, हा एकट्याने खेळायचा नाही. चिठ्ठीत लिहिलंय." खरंच लिहिलंय: "दोन योद्धे एकाच साखळीने बांधलेले. एकाने उडी मारली की दुसऱ्यालाही मारावी लागते, नाहीतर दोघे दरीत. भांडण होणार, हे धरून चला. आम्हा भावंडांचं फार व्हायचं. पण एकदा ताल जमला, की साखळी गोफणीसारखी फिरवून एक जण दुसऱ्याला पलीकडच्या कड्यावर फेकू शकतो, आणि ते कसं करायचं हे गेम तुम्हाला कुठेच सांगत नाही."

ते म्हणाले, "वाचलंय." आणि एक रिमोट हातात घेतला, दुसरा शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. तसेच बसून राहिले.

मी आपली तो रिमोट उचलला, वायर गुंडाळली आणि जागेवर ठेवली. खुर्चीवर ठेवला की कुणीतरी वर बसतं आणि बटणं जातात.

मग त्यांनी लोखंडी कावळा लावला.

१२ मार्च

आज पुन्हा साखळी काढली! मला दया आली. वर जाऊन काउंटरवरचीला खाली पाठवलं, म्हटलं, "जा, जरा त्यांच्याबरोबर खेळ. बिचाऱ्यांना जोडीदार नाही." ती अर्धा तास खेळून वर आली. म्हणाली, "मी त्यांना बारा वेळा दरीत पाडलं. एकदाही चिडले नाहीत. सारखे जिन्याकडे बघत होते." मग माझ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही खरंच एवढ्या भोळ्या आहात, की ढोंग करता?"

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"काही नाही," म्हणाली आणि शिक्के मारायला लागली.

हल्लीच्या मुलींचं बोलणं अर्धं कळत नाही.

२० मार्च

आजचा दिवस वाईट.

क्रेनवाले जाताना माझ्या टेबलापाशी थांबले. म्हणाले, "एक गोष्ट लक्षात आली. तुमच्या कुठल्याच चिठ्ठीत संगीताबद्दल काही नसतं. बाकी सगळे आधी तेच लिहितात." आणि हसले.

चोरी पकडल्यासारखं झालं. काय सांगणार होते? की मी यातल्या एकाही गेमचं संगीत धड ऐकलेलं नाही? दादा होता तेव्हा तो एवढा ओरडायचा की बाकी काही ऐकूच यायचं नाही, आणि नंतर आई झोपलेली असायची. जिने गेम अर्धाच अनुभवलाय, तिने लोकांना शिफारस करावी म्हणजे काय! मी नुसतं "हो, बघते" म्हटलं.

२६ मार्च

हा आठवडाभर वाचनालय बंद व्हायच्या आधी तळघरात बसून एकेक गेम आवाज लावून ऐकला. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. कंदीलवाली इतकी वर्षं माझ्या मनात एकदम शांत होती. तिच्या मागे ढोल वाजतात हे कळल्यावर कुणीतरी घरात घुसल्यासारखं वाटलं. पण काम ते काम. लाल शाईने प्रत्येक चिठ्ठीखाली भर घातली. "गडावरचे ढोल ऐकण्यासारखे." "पूल तुटतानाचा आवाज अंगावर काटा आणतो." वगैरे.

आता तरी चिठ्ठ्या पूर्ण झाल्या.

२८ मार्च

क्रेनवाले आले. लाल शाई दिसताच पुढे झाले. एक चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली, मग सगळ्या. मी वाट बघत होते. त्यांनी शेवटची चिठ्ठी हलकेच जागेवर ठेवली, म्हणाले, "मेहनत घेतलीत," आणि न खेळताच निघून गेले.

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. मी कुठे चुकले कळत नाही.

तळघरात आज दुसरं कुणी आलं नाही. मी थोडा वेळ त्यांच्या खुर्चीत बसले. तिथून माझं टेबल अगदी समोर दिसतं, हे माहीत नव्हतं.

८ एप्रिल

घरी आल्याबरोबर वही उघडली.

दुपारी मी वर चहा घेत होते. झेरॉक्सच्या यंत्रातून धूर यायला लागला. आधी थोडा, मग भसाभस. धोक्याचा भोंगा सुरू झाला. साहेब सगळ्यांना "बाहेर, बाहेर" करत होते. आम्ही रस्त्यावर जमलो. भोंगा तिथूनही कान फाडत होता. मी टोपी शोधत होते, टोपी कुठे दिसेना. क्रेनवाले दहा-अकरा दिवसांनी आजच पहिल्यांदा आले होते. काउंटरवरचीला विचारलं, ती म्हणाली, "पुढे गेले असतील."

ते पुढे जाणारे नव्हेत, हे मला का कोण जाणे माहीत होतं. साहेब ओरडत होते, "बाई, आत जाऊ नका!" मी गेले.

जिन्यात जळक्या रबराचा वास. तळघरात धूर नव्हता, पण भोंगा थेट डोक्यावर बसवलेला आहे तिथे. उभं राहवत नव्हतं. आणि त्या कल्लोळात हा माणूस माझ्याकडे पाठ करून शांतपणे उलटा किल्ला खेळत बसला होता. तिसऱ्या पुलावरून रांगत होता.

मी "अहो! अहो!" करून घसा फोडला. मान वळली नाही. धावत जाऊन टीव्हीपुढे उभी राहिले. आधी त्यांच्या कपाळाला आठी पडली, मग माझा चेहरा दिसला. मी म्हटलं, "आग लागलीय, चला." ते माझ्या तोंडाकडे बघत होते, तसेच टक लावून.

आणि मला कळलं.

त्यांनी तेवढ्यातही टीव्ही बंद केला, रिमोट जागेवर ठेवला. मी बाही धरून त्यांना ओढत बाहेर काढलं.

रस्त्यापलीकडे कठड्यावर बसलो. मी त्यांच्या समोर वळून विचारलं, "कधीपासून?"

"जन्म क्रेनवर गेला. इंजिन उजव्या कानाशी. आधी उजवा गेला, मग डाव्याने एकट्याने किती ओढायचं? त्यानेही सोडलं."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की माणसं ओरडायला लागतात. तोंड वेडंवाकडं करतात, मग काहीच वाचता येत नाही. तुमचं छान वाचता येतं. एकेक शब्द सुटा."

मी आईशी असं बोलायचे. तिला झटका आल्यावर पटकन उमगायचं नाही, म्हणून एकेक शब्द सोडवून. ती सवय मोडलीच नाही. पण हे त्यांना सांगता आलं नाही, कारण साहेब येऊन उभे राहिले.

आग वगैरे काही नव्हती. नुसतं यंत्र जळलं.

९ एप्रिल

म्हणजे सर्दीच्या दिवशी मास्क होता म्हणून. आणि पहिल्या दिवशी मी मागून विचारलं म्हणून. आणि मी दुकानात ओठांना लावायला काहीतरी आणायला निघाले होते! देवा.

एक मात्र अजून कळत नाही. ज्याला ऐकूच येत नाही, त्याने चिठ्ठीत संगीत नाही अशी तक्रार का करावी?

११ एप्रिल

साहेबांनी बोलावलं. "बाई, एक माणूस तळघरात राहिला. काही झालं असतं तर जबाबदार कोण? मी की तुम्ही? तो कोपरा बंद." मी म्हणणार होते, की भोंग्याला दिवा जोडता येतो, खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवता येते. दोन्ही गोष्टी मी रात्री लिहूनही काढल्या होत्या. पण त्यांच्यापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते. "बरं," एवढंच म्हटलं.

बरं! काय बरं होतं त्यात?

१४ एप्रिल

माझी सुट्टी होती तेव्हा क्रेनवाले येऊन गेले. काउंटरवरचीने सांगितलं. साहेबांकडे गेले आणि म्हणाले, चूक माझी, बाईंची नाही. मी येत नाही, पण कोपरा चालू ठेवा. साहेब पेपर चाळत चाळत बोलले, मान खाली घालून. "त्यांना एक शब्द कळला नसणार हो," ती म्हणाली. "तरी मान डोलवत होते." मग तळघरात गेले, चिठ्ठ्यांकडे थोडा वेळ बघितलं, आणि गेले.

मला निरोप होता का विचारलं. नव्हता.

१९ एप्रिल

कपड्यांना इस्त्री करत होते. आईची एक साडी अजून आहे, तिलाही केली, उगाच. करता करता हात थांबला.

ती तक्रार नव्हती.

बाकी सगळे संगीताबद्दल लिहितात. ते सगळं वाचताना त्यांना दर ओळीला कळत असणार, की हे आपल्यासाठी नाही. आणि एका तळघरात, एका फळीवर, सगळ्या चिठ्ठ्या अशा, की ज्यात त्यांचं काही हुकत नाही. म्हणून ते हसले होते. आणि मी काय केलं? लाल शाई घेऊन एकेका चिठ्ठीखाली त्यांना दार लावून घेतलं. हौसेने. आठवडाभर बसून.

इस्त्री तशीच राहिली आणि साडीवर डाग पडला.

२४ एप्रिल

तळघर रिकामं केलं. मासिकांचे गठ्ठे आले. साहेब म्हणाले, हे खोकं भंगारात जाईल. मी म्हटलं, "मी नेते." ते म्हणाले, "तुम्ही काय करणार याचं?" मी म्हटलं, "खेळणार." माझाच आवाज ऐकून मला नवल वाटलं.

काउंटरवरचीने रिक्षापर्यंत खोकं न्यायला मदत केली. रिक्षा सुटता सुटता खिडकीत वाकून म्हणाली, "सभासदांचे पत्ते आम्ही कुणाला सांगत नाही, नियम आहे. पण न्हाव्याच्या दुकानावरचा मजला, निळं दार, असं मी आपलं सहज म्हणतेय."

"मला काय करायचंय?" मी म्हटलं.

"तेच तर," ती म्हणाली.

२८ एप्रिल

घरी टीव्हीला जोडलं. कंदीलवाली लावली. आता घरात झोपमोड व्हायला कुणी नाही, तरी हात आपोआप आवाज बंद करायला गेला. पलंगाची जागा मोकळी आहे, तिथे मी अजून काही ठेवलेलं नाही. खुर्ची मात्र त्याच कोपऱ्यात ओढून बसले, भिंतीला चिकटून.

दुसऱ्या मजल्यावर छप्पर संपलं. चांदणं आलं. बाजूला वळून बघितलं, कुणाला तरी सांगायला.

१ मे

सुट्टी होती, म्हणून गेले. कामासाठीच. ते कोपऱ्यावर येणारे एकमेव नियमित सभासद, तेव्हा सामान त्यांच्याकडे असणं योग्य, असा मी विचार केला. पिशवीत गेमचा डबा, वायरी आणि एक कॅसेट घेतली, तेवढीच त्यांची खेळायची राहिली होती. न्हाव्याच्या दुकानावरचा मजला. निळं दार.

बटण दाबलं. आत काही वाजलं नाही. पुन्हा दाबलं. वाटलं, घंटा बिघडलेली दिसते. मग स्वतःचंच हसू आलं, इथे घंटा कुणासाठी वाजेल? आणि मग काही सुचेना. दार वाजवून उपयोग नाही, हाक मारून नाही. परत फिरावं, तर पिशवी जड. मी बटणावर बोट दाबून धरलं, सोडलं, दाबलं, नुसतं आपलं काहीतरी करायचं म्हणून.

तेवढ्यात बाजूच्या खिडकीकडे लक्ष गेलं. पडद्यामागे दिवा उघडझाप करत होता. मी बोट उचललं, विझला. दाबलं, लागला. त्याच्या मागच्या खोलीतलाही. स्वयंपाकघरातलाही. माझ्या एका बोटाने त्या माणसाचं अख्खं घर लुकलुकत होतं.

दार उघडलं. हाताला साबणाचा फेस, डोक्यावर टोपी नाही. केस पांढरेशुभ्र आहेत, मला माहीत नव्हतं.

"अहो बाई, पुरे! कळलं! बल्ब जातील!"

"मला वाटलं वाजत नाही."

"वाजत नाहीच."

मी सामानाचं बोलायला सुरुवात केली, आणि जे पाठ करून आले होते ते सगळं उडालं. म्हटलं, "ती लाल शाई... मला समजलं नव्हतं." त्यांनी फेसाचे हात पुसले, म्हणाले, "मलाही बोलता आलं नाही नीट. बसता ना?"

म्हटलं, पाच मिनिटं.

या कॅसेटची चिठ्ठी मी लिहिलीच नव्हती, खोक्याच्या तळाशी होती ती, कोपरा बंद झाल्यावर सापडली. तोंडीच सांगितलं. की यात एक म्हातारा ड्रॅगन आहे, त्याला उडता येत नाही, आणि तुम्ही त्याला चालवत समुद्रापर्यंत न्यायचं. वाटेत सगळे त्याला मारायला येतात, तो कुणावर उलटत नाही, तुम्हालाच तलवार काढावी लागते. तो दमला की थांबावं लागतं. घाई करून चालत नाही, घाई केली की तो बसकण मारतो. लोकांना वाटायचं गेम अडकला, आणि ते बंद करायचे. अडकलेला नसतो. तुम्ही शेजारी बसून राहायचं, मग तो आपणहून उठतो.

मी एकेक शब्द सुटा करून सांगत होते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते, पूर्ण वेळ. मला अवघडल्यासारखं झालं नाही. कुठे थांबायचं तेच कळेना. इतकं सलग मी गेल्या वर्षभरात कुणाशी बोलले नव्हते.

परत निघाले तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

३ मे

लिहिण्यासारखं काही नाही. साहेबांनी मासिकांचे अंक वर्षांप्रमाणे लावायला सांगितले, लावले.

स्वयंपाकघरातला बल्ब परवा खरंच गेला, त्यांच्याकडचा. चूक माझी होती, तेव्हा आणून देणं भाग आहे. दुकानदाराने विचारलं, एक देऊ? मी म्हटलं, चार द्या.